पंखा कुणाचं ऐकतो

जानेवारीत संगणकाचं मशीन जोडलं तेव्हा खोलीत १८ अंश होते आणि मी स्वतःवर भलतीच खूश होते. कोथरूडमधल्या आमच्या फ्लॅटची ती उत्तरेकडची खोली. थंडीत तिथे बसायचं तर शाल लागते. त्यामुळे आपण त्या चिमुकल्या डब्यात भट्टी लावून ठेवली आहे, हे कळायला मला एप्रिल उजाडावा लागला.

मशीन कशासाठी, ते आधी सांगते. बाबांकडे त्यांच्या काकांच्या कीर्तनांच्या १४० कॅसेटी आहेत. काका गावोगाव कीर्तनं करायचे आणि बाबा ऐंशीच्या दशकात खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून सुट्टीभर त्यांच्यामागे हिंडायचे. काही फिती चिकटायला लागल्या, एक तर प्लेअरने चक्क गिळली, तेव्हा सगळ्या संगणकात उतरवून घ्यायचं ठरलं. नव्वद मिनिटांची कॅसेट २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला उतरवली की तीन जीबीच्या थोडी वर जाते. शिवाय घरातल्या लग्नामुंजींच्या व्हिडिओ कॅसेटी होत्याच. आणि प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती हव्यात हा माझा हट्ट. मी हिशेबाचं काम करते. एकाच वहीत असलेली नोंद मला नोंदच वाटत नाही.

बाबांची अट एकच होती. "मला काकांचा आवाज ऐकायचाय, तुझ्या मशीनचा नाही." तसं पाहिलं तर केबलमधून येणाऱ्या आवाजात पंख्याची घरघर मिसळत नाही. पण बाबा त्याच खोलीत, त्याच टेबलापाशी बसून प्रत्येक कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतात, आणि त्यांचे कान ब्याऐंशीव्या वर्षीही माझ्यापेक्षा तिखट आहेत.

म्हणून छोटा, गुपचूप चालणारा डेस्कटॉप घेतला. बाणेरच्या एका ऑफिसातून एकगठ्ठा निघालेल्या मशिनींपैकी तो एक. उभा केला तर जाडजूड शब्दकोशाएवढा. आत प्रोसेसरवर एक पंखा, त्यावर प्लॅस्टिकची टोपी, आणि एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, स्वतःचा छोटा पंखा. बस्स, तिसरा पंखाच नाही. प्रोसेसरचा पंखा पुढच्या जाळीतून हवा ओढतो, टोपीतून प्रोसेसरवरून नेतो आणि मागे सोडून देतो. ऑफिसात एक्सेल आणि ईमेल चालवायला ही रचना उत्तम आहे. मी त्यात दोन कार्डं घातली.

पहिलं ग्राफिक्स कार्ड. आता कीर्तन ऐकून त्याचं शब्दांकन करून देणाऱ्या प्रणाली आल्या आहेत, त्या ग्राफिक्स कार्डावर भराभर चालतात. (उत्तररंगातली गोष्ट तिने बरीच बरी उतरवली. पूर्वरंगात झांज सुरू झाली की मात्र तिचं जे काही होतं ते वाचून बाबा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.) अशा छोट्या कॅबिनेटमध्ये नेहमीचं कार्ड बसत नाही. नेहमीच्या कार्डाची मागची पट्टी १२० मिलिमीटरची असते, इथे लागते ती जेमतेम ७९ मिलिमीटरची, म्हणजे लो प्रोफाइल. वीजही स्लॉटमधून, म्हणजे कार्ड ज्या खाचेत बसतं तिच्यातून, मिळेल तेवढीच, जास्तीत जास्त ७५ वॉट, कारण या एसएमपीएसला कार्डासाठी वेगळी वायर नसतेच. मी ५० वॉटवालं घेतलं, एका स्लॉटात मावणारं, त्याच्यावर त्याचा स्वतःचा चिमुकला पंखा असलेलं.

दुसरं कार्ड डिस्क जोडायचं. जुनी चार डिस्कची पेटी एका ओळखीच्यांनी दिली होती, ती जोडायला सर्व्हरमध्ये वापरतात तसलं कार्ड लागत होतं. सर्व्हर मोडीत निघतात तेव्हा अशी कार्डं बाजारात ढिगाने येतात आणि स्वस्त मिळतात. आठ लेनचं (लेन म्हणजे माहिती ये-जा करायची वाट) कार्ड चार लेनच्या स्लॉटात चालेल का, ही माझी सगळ्यात मोठी चिंता होती. ते आरामात चालतं. तिसऱ्या पिढीच्या चार लेनमधून सेकंदाला साधारण पावणेचार जीबी जातात आणि फिरत्या चार डिस्क मिळून त्याच्या पाव भागाच्या आसपासच पोचतात. ज्याची काळजी करायला हवी होती ती गोष्ट कार्डावर समोरच दिसत होती: अ‍ॅल्युमिनियमचा एक बोटभर उंचीचा हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून हवेत सोडणारी पाती, आणि त्यावर पंखा नाही.

तपकीर गल्लीत ते घेताना दुकानदार म्हणालेही होते, "ताई, सर्व्हरचं कार्ड आहे, गरम होणार हं." मला वाटलं, सगळीच होतात.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात डिस्क हरवायला लागल्या. रात्री प्रत करायला लावून झोपावं आणि सकाळी बघावं तर चारपैकी दोन गायब. मशीन बंद करून चालू केलं की परत हजर, जसं काही झालंच नाही. मी आधी केबल बदलली. मग पेटीचा अ‍ॅडॅप्टर बदलला. मग एका डिस्कवर संशय घेऊन ती काढून ठेवली, तर तिसरीच हरवली. तीन आठवडे आणि बरेच पैसे असे गेले.

सुगावा लागला तो गुरुवारी. गुरुवारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज जाते. त्या दिवशी सकाळभर वीज नव्हती, दुपारी आली, मी मशीन लावलं आणि आधी दर वेळी अडकणारी प्रत पाऊण तास बिनतक्रार चालली. मग अडकली. पुन्हा लावलं तर दहाच मिनिटांत अडकली. गार असताना चालतं, तापल्यावर मोडतं! झाकण काढून त्या हीटसिंकला बोट लावलं आणि तव्यावरून काढावं तसं मागे घेतलं.

मोजायचं कशाने? घरात कोविडच्या वेळी आणलेली, कपाळापाशी धरायची ती बंदूक होती. तिने 'हाय' असं दाखवलं. नमस्कार नव्हे, अंगाचा ताप मोजायच्या पद्धतीत त्रेचाळीस अंशांच्या आसपासच तिची मजल संपते. बटण दाबून वस्तू मोजायच्या पद्धतीत नेली, तर ५२. हे फारच कमी वाटलं, कारण बोट तर पोळलं होतं. मग कळलं की चकचकीत धातूवर ही बंदूक खोटं बोलते. धातू स्वतःची उष्णता नीट बाहेर टाकत नाही आणि बंदुकीला आजूबाजूच्या गार वस्तूंचं प्रतिबिंबच जास्त दिसतं. हीटसिंकच्या कडेला काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला, पाच मिनिटं थांबले आणि टेपवर नेम धरला. ८७.

आता माझं मूळ गणितच चुकलं होतं ते सांगते. मला वाटत होतं की मशीनवर ताण आला की सगळं तापतं. म्हणून मी प्रोसेसरला मुद्दाम राबवणारी चाचणी लावली आणि मोजत बसले. प्रोसेसर ७८ वर गेला, पंखा ओरडायला लागला, आणि डिस्कच्या कार्डाची टेप ८७ वरून हळूहळू उतरत ६६ वर आली! वही हातात धरून मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले.

गंमत अशी होती. या मशिनीतला पंखा फक्त प्रोसेसरचं ऐकतो. प्रोसेसर राबला की तो जोरात फिरतो आणि जाता जाता कार्डांकडचीही थोडी हवा हलवतो. पण माझं काम होतं ग्राफिक्स कार्डावर शब्दांकन आणि डिस्कवर प्रत. त्या वेळी प्रोसेसर जवळपास रिकामा. त्याला गार वाटतंय, म्हणून पंखा पेंगतोय, आणि शेजारी ५० वॉटचं कार्ड स्वतःच्या छोट्या पंख्याने तीच ती गरम हवा कॅबिनेटमध्येच घुसळतंय. डिस्कचं कार्ड त्याच्या जवळच. त्याला तर तक्रार करायलाही तोंड नाही. बायोसला, म्हणजे पंख्याचा वेग ठरवणाऱ्या मशीनच्या मूळ प्रणालीला, त्याचं तापमान दिसतच नाही. बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे घरात पाहुणे उकाड्याने हैराण, आणि पंख्याचं बटण फक्त आजोबांच्या हातात."

सर्व्हरमध्ये हेच कार्ड निवांत का राहतं? तिथे पुढे पंख्यांची रांगच असते आणि ती डब्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वारा ढकलत राहते. कार्ड बनवणारे तो वारा गृहीत धरतात आणि नुसती अ‍ॅल्युमिनियमची पाती लावून मोकळे होतात. माझ्या कार्डाच्या कागदांत ते लिहिलेलंच होतं: कार्डावरून मिनिटाला किमान २०० फूट वेगाने हवा वाहायला हवी. म्हणजे सेकंदाला एक मीटर. सारसबागेत जेवणानंतर रमतगमत चालणाऱ्या माणसाचा वेग, त्याहून जास्त काही नाही. तेवढाही वारा माझ्या डब्याच्या त्या कोपऱ्यात नव्हता.

पहिला उपाय सगळेच करतात तो: झाकण काढलं आणि टेबलफॅन समोर लावला. डिस्कचं कार्ड ५५ वर आलं आणि मला वाटलं, झालं. पण प्रोसेसर आधीपेक्षा सहा-सात अंशांनी वर गेला. कारण ते झाकणच त्या टोपीच्या बोगद्याचं छत होतं. छत काढल्यावर पंखा पुढच्या जाळीतून लांबची हवा ओढेल कशाला? वरूनच, जवळची ओढतो. आठवड्यात आत धुळीचा थर बसला. आमच्या रस्त्यावर बांधकामं चालू आहेत, ती सगळी आत. मग एका संध्याकाळी ग्राफिक्स कार्डावर ऊब घेत बसलेली पाल दिसली आणि हा उपाय आमच्या घरात एकमताने बाद झाला.

दुसरा उपाय दुकानातून आणला. रिकाम्या स्लॉटात बसणारा एक ब्लोअर मिळतो, आतली हवा ओढून मागच्या फटीतून बाहेर फेकणारा. दोन्ही कार्डांच्या मधल्या रिकाम्या जागेत तो बरोब्बर बसला. गरम हवा बाहेर काढायची, मग चुकतंय कुठे? डिस्कचं कार्ड जेमतेम तीन अंशांनी उतरलं. आवाज मात्र असा की बाबा उठून दुसऱ्या खोलीत गेले, काही न बोलता. ते न बोलणं मला बोलण्याहून जास्त लागलं.

मग उदबत्तीची परीक्षा घेतली. ही कल्पना बाबांची. लहानपणी वाड्यात चुलीचं धुराडं ओढतंय की नाही, ते आजी तसंच बघायची म्हणे. मशीन बंद झाकणाने चालू ठेवलं, खोलीतला पंखा बंद केला आणि पेटलेली उदबत्ती प्रत्येक भोकाजवळ, फटीजवळ धरत गेले. पुढच्या जाळीच्या प्रोसेसरकडच्या अर्ध्या भागात धूर झरझर आत जात होता. कार्डांकडच्या अर्ध्या भागात धूर सरळ वर, जणू तिथे मशीनच नाही. आणि मागे, ब्लोअरच्या फटीतून हवा बाहेर येत होती हे खरं. पण त्याच्या शेजारच्याच स्लॉटच्या जाळीदार पट्टीतून धूर आत खेचला जात होता. ब्लोअर मागून हवा घेऊन मागूनच सोडत होता!

हे फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुणालाही समजेल. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन लावावा आणि सगळ्या खिडक्या बंद असाव्यात, की बाथरूमच्या जाळीतून नको तो वास घरात येतो. हवा बाहेर काढली की तेवढीच कुठून तरी आत येणार, आणि ती सगळ्यात जवळच्या, सगळ्यात सोप्या वाटेने येणार. ती वाट तुमच्या कार्डावरून जावी असं काही तिला वाटत नसतं.

इथे मी थांबून हिशेब मांडला. प्रोसेसर ६५ वॉट, ग्राफिक्स ५०, डिस्कचं कार्ड १०, बाकी मदरबोर्ड आणि एसएमपीएस धरून २५. एकूण १५०. आत येणारी हवा बाहेर जाईपर्यंत १० अंशांनी तापली तर चालेल असं धरलं. वॉटला १.७६ ने गुणायचं आणि अंशांनी भागायचं, की मिनिटाला किती घनफूट हवा लागेल ते मिळतं. म्हणजे २६.४. हा आकडा समुद्रसपाटीचा. पुणं साधारण ५६० मीटर उंचावर, इथली हवा पाच-सहा टक्क्यांनी विरळ, म्हणून २८ धरा. आठ सेंटिमीटरच्या बऱ्या पंख्याच्या खोक्यावर तीसच्या आसपास आकडा असतो, पण तो मोकळ्या हवेतला. पुढे जाळी, मागे कार्डं आणि वायरी आल्या की निम्मा धरावा. तो निम्मा आणि प्रोसेसरच्या पंख्याचा वाटा मिळून भागत होतं. म्हणजे एक पंखा पुरे. मात्र त्याची हवा डब्यात कुठेतरी न जाता कार्डांवरूनच जायला हवी.

डिस्क आता बाहेरच्या पेटीत होत्या, त्यामुळे पुढचा डिस्कचा पिंजरा रिकामाच होता. तो काढला. तिथे ८० मिलिमीटरचा पंखा उभा मावला, दोन्हीकडे बोटभर जागा सोडून. पंखा तपकीर गल्लीतूनच आणला. तिथे जायचं तर दुचाकीने किंवा पायी जावं. मी एकदा कार नेली होती, ती चूक पुन्हा करणार नाही.

वीज कुठून द्यायची हा प्रश्न होता, कारण अशा तयार मशिनींच्या मदरबोर्डावर पंख्याची जोडणी बहुधा कंपनीच्या स्वतःच्या मापाची असते आणि जादा जागा नसतेच. डिस्क काढल्यामुळे तिची पॉवरची वायर मोकळी झाली होती. तिच्यातली पिवळी १२ व्होल्टची, लाल ५ ची, काळ्या दोन्ही जमिनीच्या. पिवळी आणि काळी जोडली की पंखा फिरतो, पण सतत पूर्ण वेगाने. बाबांच्या खोलीत ते चालणार नव्हतं. मग दुकानदारांनी काड्यापेटीएवढा एक कंट्रोलर दिला, लांब वायरीच्या टोकाला तापमानाचा मणी असलेला. मणी जिथे लावाल तिथलं तापमान बघून तो पंख्याचा वेग कमीजास्त करतो. "मणी कुठे लावणार, ताई?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ज्याचं आजवर कुणी ऐकलं नाही त्याच्यावर. डिस्कच्या कार्डाच्या हीटसिंकच्या दोन पात्यांमध्ये तो पिवळ्या उष्णतारोधक टेपने बसवला.

कार्ड हातात होतंच, म्हणून त्याचा हीटसिंकही काढून पाहिला. मागच्या दोन प्लॅस्टिकच्या खिट्ट्या चिमटीने दाबल्या की सुटतो. खालची थर्मल पेस्ट (चिपमधली उष्णता हीटसिंकपर्यंत नेणारा लेप) वाळून खडूसारखी झाली होती. मेडिकलमधून आणलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली. जुनं कार्ड घेणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी करावं. मी चार महिन्यांनी केलं.

बोगदा आधी पुठ्ठ्याचा केला, मापं घ्यायला. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा यासाठी फार छान, घट्ट आणि दुमडायला सरळ. माप जमल्यावर तोच आकार शाळेच्या प्लॅस्टिक फाइलमधून कापला. एका भाच्याने अ‍ॅल्युमिनियम फॉइल सुचवली होती. विजेच्या उघड्या जोडण्यांवर फॉइल सुटून पडली तर काय होईल हे सांगितल्यावर तो म्हणाला, "हो ना मावशी, विसरलोच." बोगदा म्हणजे फार काही नाही, पंख्यापासून निघून दोन्ही कार्डांना छतासारखा झाकत मागच्या पट्ट्यांपर्यंत जाणारा दुमडलेला कागदच म्हणा. पण त्याने हवेला पर्यायच ठेवला नाही. दोन्ही कार्डांच्या मधल्या जागेचं सपाट झाकण काढून जाळीदार लावलं, म्हणजे हवा तिथून बाहेर. बाकीच्या फटींना दाराखिडक्यांना लावतो तो फोम.

झाकण लावलं, उदबत्ती पेटवली, आणि पुढून धूर बाहेर आला. पंखा उलटा बसवला होता. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या काड्या असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. चौकटीवर बाणसुद्धा कोरलेला असतो. तो मी बघितलाच नव्हता. सगळं पुन्हा सोडलं.

दुसऱ्यांदा मात्र धूर पुढून आत गेला आणि थोड्या वेळाने मागच्या जाळीतून फिकट होऊन बाहेर आला. बाबांनी खुर्ची ओढून ते तीनदा बघितलं. मी मोजत बसले: खोली ३६, शब्दांकन चालू, प्रत चालू, टेप ६१. ग्राफिक्स कार्डही ११ अंशांनी उतरलं, त्याचा चिमुकला पंखा शांत झाला, आणि हा लाभ मी हिशेबात धरलाच नव्हता. बिघडली ती एकच गोष्ट. मदरबोर्डावरच बसणारी चपटी एम डॉट टू डिस्क बरोबर बोगद्याच्या खाली आली होती. पूर्वी तिला वाट चुकलेली थोडी हवा मिळायची, ती मी बंद केली. ती ४८ वरून ५९ वर. मग फाइलला खालून दोन बोटं रुंद खिडकी कापली. ५० वर आली. तेवढ्यावर सोडलं.

पुढच्या जाळीला आतून मच्छरदाणीचा तुकडा लावलाय, धुळीसाठी. कापड लावू नये, हवा अडते. महिन्यातून एकदा तो काढून झटकते आणि धूळ उडवायच्या हातातल्या ब्लोअरने आतली धूळ उडवते. त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवते, नाहीतर ब्लोअरच्या जोराने ती वाटेल तशी गरगरतात आणि बेअरिंग खराब होतं. उरलेला मे महिना गेला, खोलीने दोनदा ३८ गाठले, एकही डिस्क हरवली नाही.

राहिला आवाज. पहिल्याच दिवशी बाबा कॅसेट लावून बसले, दोन मिनिटांनी बंद केली आणि म्हणाले, "तुझा पंखा काळी एकमध्ये गातोय."

मला वाटलं, चेष्टा. त्यांनी बाजाची पेटी उघडून सप्तकातली पहिली काळी पट्टी दाबून सूर लावून दाखवला. खरंच जुळत होता. माझ्या कंट्रोलरला आकडे दाखवायची सोय नाही, त्यामुळे पंखा किती वेगाने फिरतोय ते मला ठाऊक नव्हतं. पण पंख्याला पाती सात, आणि खालच्या सप्तकातली काळी एक म्हणजे सेकंदाला साधारण १३९ कंपनं. साठने गुणून सातने भागलं: मिनिटाला ११९० फेरे. बाबांच्या कानांनी माझं एक मोजमापाचं यंत्र वाचवलं.

"पण अडचण काय आहे?" मी म्हटलं. "मंदच तर आहे."

"अगं, काका काळी दोनमध्ये गायचे. हा अर्ध्या पायरीवर नाही, पूर्ण पायरी खाली बसून राहतो. काकांचा षड्ज लागला की हा खालून टोचतो."

कंट्रोलरवर कमीत कमी वेग ठरवायचा एक पितळी स्क्रू आहे. मी छोटा पेचकस घेतला, बाबांनी पेटीवर काळी दोन धरून ठेवली, आणि ते मान हलवेपर्यंत मी स्क्रू केसाकेसाने फिरवत गेले. हिशेबाने ते १३३० फेरे होतात. हीटसिंक आणखी दोन अंशांनी उतरला. बाबांनी एकोणनव्वदावी कॅसेट लावली.